अ‍ॅम्बॅसेडरच्या इंजिनाची स्पोर्ट्स कार : एमजीए

अ‍ॅम्बॅसेडरचं बॉनेट उघडलेलं तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. जुन्या गाड्यांमधलं पेट्रोल इंजिन आठवा. चार सिलिंडर, 1489 सीसी, साधारण 55 हॉर्सपॉवर. आता स्क्रीनवरची ही गाडी बघा. दोन सीट, जमिनीला टेकल्यासारखी बॉडी, दाराला बाहेरून हँडलसुद्धा नाही. ही ब्रिटनच्या एमजी कंपनीची 1955 सालची एमजीए. आणि हिचं इंजिन? तेच! एमजीची मालक असलेल्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी-सीरिज, 1489 सीसी. आपल्याकडे साहेबांना कचेरीत आणि वऱ्हाडाला लग्नाला नेणारं हे इंजिन इथे ताशी दीडशेच्या पुढे कसं गेलं, ते आज बघू.

सुरुवात बसण्यापासून करतो. 1951 साली जॉर्ज फिलिप्स नावाच्या फोटोग्राफर-रेसरला फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरायचं होतं. एमजीचे इंजिनिअर सिड एनेव्हर यांनी त्याच्यासाठी एमजीच्याच जुन्या टीडी गाडीच्या चासीवर, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यावर, नवी गुळगुळीत बॉडी चढवली. बॉडी छान झाली, पण टीडीची चासी अरुंद. सीट चासीच्या वर, त्यामुळे ड्रायव्हर छातीपर्यंत वाऱ्यात. एवढी मेहनत घेऊन हवा कापायची आणि मध्येच माणूस उभा करायचा!

एनेव्हरनी मग चासीच्या दोन्ही बाजूंचे पोलादी दांडे बाहेर सरकवले आणि सीट त्यांच्या मधोमध खाली सोडल्या. पाटावर बसलेल्या माणसाचा पाट काढून घेतला की तो कसा खाली येतो, तसंच. माणूस खाली आला, वजन खाली आलं, हवेची आडकाठी गेली. माझ्या मते एमजीए खरी जन्मली ती इथे.

पण 1952 मध्ये ही गाडी बीएमसीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांच्यासमोर गेली तेव्हा त्यांनी नुकताच ऑस्टिन-हीली बनवायचा करार केला होता. एकाच घरात दोन स्पोर्ट्स कार कशाला, म्हणून नकार मिळाला. तीन वर्षं गेली. शेवटी जून 1955 मध्ये तीन प्रोटोटाइप ल माँला धावले. ऐंशीहून अधिक माणसं गेली तो भीषण अपघात त्याच शर्यतीतला. एमजीच्या एका गाडीलाही अपघात झाला आणि ड्रायव्हर गंभीर जखमी झाला. उरलेल्या दोघी शेवटपर्यंत धावल्या, 12व्या आणि 17व्या आल्या. सप्टेंबरमध्ये गाडी बाजारात आली.

आता माझा आवडता भाग. बी-सीरिजच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, चार सिलिंडरला हवा आत घ्यायची दारं दोनच. पहिल्या-दुसऱ्याचं एक, तिसऱ्या-चौथ्याचं एक. एमजीएमध्ये त्या दोन दारांवर एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारी यंत्रं, बसवले.

एसयूच्या डोक्यावरची ही घंटेसारखी टोपी बघा. आत एक पिस्टन आहे. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबलात की इंजिन हवा ओढतं, टोपीतला दाब कमी होतो आणि पिस्टन आपोआप वर उचलला जातो. हवेची वाट रुंद होते. पिस्टनच्या खाली एक सुई आहे, टोकाकडे बारीक होत गेलेली, आणि ती पेट्रोलच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, उतरलेली असते. पिस्टन वर गेला की सुईही वर जाते, जेटचं तोंड जास्त उघडतं. म्हणजे जेवढी हवा, तेवढं पेट्रोल.

आणि टोपीच्या मधल्या नळीत थोडं ऑइल का घालतात? अचानक पाय दाबला तर पिस्टन झटकन उडू नये म्हणून. तो सावकाश चढतो, हवेचा वेग क्षणभर वाढतो, पेट्रोल जरा जास्त ओढलं जातं आणि गाडी न अडखळता उचलते. ऑइल संपलं की पिकअप मरतो. जुन्या एमजीचा मालक ही टोपी आधी का उघडतो, ते आता कळलं असेल.

एवढ्यावर 68, मग लगेच 72 हॉर्सपॉवर. नऊशे किलोच्या गाडीला ते पुरलं.

1958 मध्ये कंपनीने खास इंजिन दिलं: ट्विन कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट वर हेडमध्ये. 1588 सीसी, 108 हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 9.9 ला 1. त्याला उत्तम पेट्रोल आणि ठिणगीचं अचूक टायमिंग लागायचं. जरा चुकलं की पिस्टन जळायचे. नंतर कॉम्प्रेशन 8.3 वर आणल्यावर त्रास आटोक्यात आला, पण नाव गेलं होतं. 2,111 गाड्यांवर 1960 मध्ये ट्विन कॅम बंद. मला त्याचं वाईट वाटतं, कारण नीट लावलेलं ते इंजिन अप्रतिम पळतं.

साधी एमजीए मात्र चालत राहिली. आधी 1588, मग 1622 सीसी, आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. 1962 पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये 1,01,081 गाड्या बनल्या. त्यातल्या सहा हजारही ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या नाहीत. बहुतेक जहाजाने अमेरिकेला गेल्या. मग तिची जागा एमजीबीने घेतली. वेगळी चासी गेली, बॉडीच चासी झाली. बॉनेटखाली मात्र बी-सीरिजच, आता 1798 सीसीचं, आणि त्याला तेच दोन एसयू.