जांभळ्या झाकणाची नळी

(उशीवर ठेवलेला हात, जवळून. आवाज फक्त पंख्याचा.)

सकाळचे पावणेसात. चंद्रपूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, बसस्टँडमागची गल्ली आणि दोन खोल्यांची पॅथॉलॉजी लॅब. शटर अर्धंच वर गेलंय, पण बाकावर सात जण येऊन बसलेत. सगळे उपाशीपोटी.

हा हात बघा. कोपराच्या खोबणीत ठसठशीत नस दिसतेय, नवख्यालाही सापडेल अशी. तरी लॅबमधल्या ताई तिला हात लावत नाहीत. त्या पट्टा मनगटाच्या वर बांधतात आणि पंजाच्या पाठीवरची बारीक नस चाचपत बसतात. दोन मिनिटं जातात. बाकावर चुळबुळ सुरू होते.

या काकांची किडनी मधुमेहानं थकलीय. उद्या डायलिसिसची वेळ आलीच, तर मशीनला जोडण्यासाठी याच हातातली नस आणि धमनी एकमेकींना शिवून फिस्टुला करावा लागेल. सुया टोचून टोचून ती नस आजच कडक झाली, तर सर्जनच्या हाती काय उरणार? म्हणून किडनीच्या रुग्णाचं रक्त शक्यतो पंजाच्या पाठीवरून घ्यायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं नाही. चिठ्ठीवर फक्त चाचण्यांची नावं आहेत.

“काकाजी, मूठ नका आवळू.”

सुई जवळ आली की आपण सगळेच मूठ उघडमीट करतो. त्यानं स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि रिपोर्टात आकडा फुगून येतो. एखाद्या धडधाकट माणसाचं त्यात फारसं बिघडत नाही. काकांना मात्र टेल्मिसार्टन चालू आहे. ही गोळी किडनीला सांभाळते, पण पोटॅशियम थोडं वर ढकलते, आणि थकलेली किडनी ते बाहेर टाकायला कमी पडते. मुठीमुळे आकडा खोटाच वाढला आणि त्यापायी ही गोळी बंद झाली, तर नुकसान मात्र खरं होईल.

(ट्रेमधल्या तीन नळ्या. झाकणं : पिवळं, जांभळं, राखाडी.)

आधी पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. हा क्रम मोडायचा नाही. जांभळ्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, आणि ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. त्याचा अंश पिवळ्या नळीत गेला तरी पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं.

राखाडी नळी उपाशीपोटीच्या साखरेची. रक्त शरीराबाहेर आलं, तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला पाच ते सात टक्के साखर अशी संपते. राखाडी नळीतलं फ्लोराइड त्यांचं खाणं थांबवतं, तेही सावकाश. म्हणून ही नळी उन्हात, स्कूटरच्या डिकीत पडून राहिली, तर दुपारी येणारा आकडा काकांच्या सकाळचा राहत नाही.

(सेंट्रिफ्यूज फिरतोय. झाकण उघडतं. दोन नळ्या शेजारी शेजारी.)

फिरवून काढल्यावर पिवळ्या झाकणाच्या नळीत खाली गोठलेलं रक्त, मध्ये जेलचा थर आणि वर सीरम, म्हणजे रक्तातला पातळ, पेशी नसलेला भाग. डावीकडच्या नळीतलं गवती पिवळं आहे, तसंच असायला हवं. उजवीकडचं गुलाबी. सुई लावताना किंवा नळी हलवताना पेशी फुटल्या, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं. ताई ती नळी बाजूला ठेवतात. ती ज्या मावशींची, त्यांना उद्या पुन्हा यावं लागणार. मावशी काय म्हणाल्या, ते आमच्या कॅमेऱ्यात नाही.

(काचेच्या नळीत पिवळं द्रावण. वरून थेंब पडतात. रंग नारिंगी होत जातो.)

एरवी हे मशीनच्या पोटात होतं, आम्ही खास बाहेर करायला लावलं. पिवळं द्रावण पिक्रिक आम्लाचं, अल्कली मिसळलेलं. त्यात सीरम पडलं की क्रिएटिनिनमुळे, म्हणजे किडनीनं गाळून टाकायच्या एका कचऱ्यामुळे, रंग नारिंगीकडे झुकतो. जेवढं क्रिएटिनिन जास्त, तेवढा गडद. कोनिग्सबर्गच्या मॅक्स याफे यांनी १८८६ मध्ये ही अभिक्रिया नोंदवली. आपल्याकडे लॅबमध्ये सगळे तिला ‘जाफे’च म्हणतात, आणि कितीतरी लॅबमध्ये आजही तीच वापरात आहे, कारण ती स्वस्त आहे. गंमत अशी, की खूप वाढलेली साखर आणि कीटोनसुद्धा या रंगात ढवळाढवळ करतात. म्हणजे ही पद्धत नेमकी मधुमेह्याच्या रक्तातच थोडी डळमळते. एन्झाइमची पद्धत यापेक्षा नेमकी, पण महाग.

आता हे दोन रिपोर्ट बघा.

(दोन कागद, नावं झाकलेली.)

दोन्हींवर क्रिएटिनिन १.१. पहिला, नोकरीच्या मेडिकलसाठी आलेल्या पंचवीस वर्षांच्या पोराचा. दुसरा अडुसष्ट वर्षांच्या आजींचा, वजन पंचेचाळीस किलोच्या आतलं. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. पोराच्या अंगात स्नायू आहेत, आजींच्या अंगात ते उरलेत किती? वय आणि लिंग धरून २०२१ च्या सूत्रानं ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाज काढला, तर पोराचा येतो पंच्याण्णवच्या आसपास आणि आजींचा पंचावन्न. असा साठच्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला, तर तो किडनीचा जुनाट आजार.

या लॅबच्या रिपोर्टवर ईजीएफआर छापून येतो. वय आणि लिंग कॉम्प्युटरमध्ये भरलेलं असतंच, गणित तोच करतो, वेगळा पैसा पडत नाही. तरी किती तरी रिपोर्टांवर नुसतं क्रिएटिनिन असतं आणि पुढे ‘नॉर्मल’. आजी तो कागद पिशवीत घालून घरी जातात.

खिडकीत रांगेत दिसताहेत त्या लघवीच्या डब्या. त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मोजलं, तर किडनीची इजा क्रिएटिनिन हलायच्या बरंच आधी कळते. तो वेगळ्या व्हिडिओचा विषय.

(जांभळी नळी, एकटी. ताई ती हलकेच उलटसुलट करतात.)

आता ही जांभळी नळी, ‘तीन महिन्यांच्या शुगर’ची. कागदावर एचबीए१सी.

साखर रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि ती तांबडी पेशी मरेपर्यंत सुटत नाही. बालूशाही पाकात टाकल्यासारखं आहे हे. पाक किती दाट आणि बुडी किती वेळ, यावर ती किती साखर पिणार ते ठरतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेह्यांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन आढळलं, ती गोष्ट १९६८ ची. १९७६ मध्ये अमेरिकेत अँथनी सेरामी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की साखर आटोक्यात आली की हा आकडाही उतरतो. तेव्हापासून जग त्याच्याकडे बघून औषध ठरवतं.

पण या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलीय : बुडीचा वेळ. सगळ्यांच्या पेशी तेवढेच दिवस पाकात राहतात, असं.

किडनी थकली की हे गणित फसतं. तांबड्या पेशी लवकर मरू लागतात. शिवाय हाडांतल्या मज्जेला ‘रक्त तयार कर’ असा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच बनतं, ते कमी पडतं आणि रक्त कमी होतं. मग काकांना आठवड्याला एक इंजेक्शन सुरू होतं. गावात त्याला ‘रक्त वाढवायचं इंजेक्शन’ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. इंजेक्शननं मज्जा कामाला लागते, ताज्या पेशींचा लोंढा रक्तात उतरतो. आज तळलेली आणि आजच पाकातून काढलेली बालूशाही. साखर चिकटायला वेळच मिळालेला नाही. रक्ताची बाटली चढवली तरी तेच, कारण त्या पेशी दुसऱ्याच्या पाकातून आलेल्या. शरीरात नुसतं लोह कमी असेल, तर मात्र उलट, आकडा फुगतो.

(काकांचा मागच्या वेळचा एचबीए१सी रिपोर्ट. बोट ‘६.१’ वर थांबतं.)

“शुगर तर चांगली आली ना जी!”

६.१. सूत्रानं याची सरासरी साखर येते १२८. आणि ही काकांची वही.

(शाळकरी वहीचं पान. निळ्या शाईतले आकडे.)

घरच्या ग्लुकोमीटरवरचे आकडे, सुनेच्या अक्षरात. जेवणानंतर २१४. १९०. २३६. इथे पहाटे साडेतीनला, वेड्यावाकड्या अक्षरात : ५८.

त्या ५८ मागेही किडनीच आहे. टोचलेलं इन्शुलिन शरीरातून काढून टाकायचं बरंचसं काम किडनी करते. ती मंदावली, की संध्याकाळी घेतलेले तेवढेच युनिट पहाटेपर्यंत रेंगाळतात. गरज कमी होते, पण डोस जुनाच राहतो. ईजीएफआर २२ असलेल्या माणसाची साखर आपोआप उतरू लागली, तर पेढे वाटायच्या आधी डॉक्टरांना गाठावं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचंही तसंच : ईजीएफआर पंचेचाळीसच्या खाली गेला की डोस कमी करतात, तीसच्या खाली गोळी बंद.

केडीगो ही किडनीच्या आजारांवर मार्गदर्शिका काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिची २०२२ ची मार्गदर्शिका एचबीए१सी सोडून द्या म्हणत नाही. वर्षातून दोनदा करा, गरज पडली तर चारदा, असंच सांगते. लक्ष्यही एकच नाही, माणूस बघून साडेसहापासून आठपर्यंत. पण आजार पुढच्या टप्प्यात गेला, विशेषतः डायलिसिस सुरू झाला, की या आकड्यावरचा भरवसा कमी करा, हेही तिथेच लिहिलंय. मग वही बघायची. किंवा हे बघायचं.

(दंडावरचा सेन्सर. मोबाइलवर उठती-पडती रेघ.)

चौदा दिवस, दर काही मिनिटांनी साखरेची नोंद. यात पेशीच्या वयाचा प्रश्नच येत नाही. ग्लायकेटेड अल्ब्युमिन नावाची रक्ताचीही एक चाचणी आहे, दोन-तीन आठवड्यांचा हिशोब देणारी. पण ज्याच्या लघवीतून अल्ब्युमिनच वाहून जातंय, त्याच्या बाबतीत तीही चकते. इथल्या लॅबमध्ये ती होत नाही. सेन्सर नागपूरहून आणलेला आहे आणि तो काकांचा नाही.

(एचबीए१सीच्या मशीनमधून आलेल्या आलेखाचा प्रिंटआउट. एक शिखर नेहमीच्या जागी नाही.)

विदर्भात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. इथे सिकलसेल, हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष, आहे. ज्यांच्यात तो आई किंवा वडील अशा एकाच बाजूनं आलाय, त्यांच्या आलेखावर असं एक जादा शिखर उभं राहतं. बऱ्याच नव्या मशीन ते ओळखून हिशोब नीट देतात. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांच्या पेशी दहा-वीस दिवसच टिकतात. त्यांचा एचबीए१सी करूच नये. चिठ्ठीवर मात्र तो छापील यादीत असतो आणि त्यावर टिक होते.

(डायलिसिस युनिट. चार पलंग. रक्ताच्या नळ्या.)

आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास.

(इथे निवेदन नको. मशीनचा आवाज राहू द्यावा.)

(पुन्हा लॅब. थर्माकोलचा डबा, बर्फाच्या थैल्या.)

एचबीए१सीचं मशीन इथे नाही. साडेदहाच्या एसटीनं डबा जिल्ह्याला जातो. थंड ठेवलं, तर या चाचणीसाठी हे रक्त आठवडाभर टिकतं, त्यामुळे बस चुकली तरी आभाळ कोसळत नाही. ताई तरी घड्याळ बघताहेत.

डबा बंद करण्याआधी त्या काकांची जांभळी नळी पुन्हा बाहेर काढतात आणि कोपऱ्यातल्या छोट्या मशीनच्या सुईखाली धरतात. रक्तगणना याच नळीतून होते. दुसरं रक्त लागत नाही, दुसरी सुई लागत नाही. पन्नासेक सेकंदांत कागदाची पट्टी बाहेर येते.

ताई बॉलपेननं चिठ्ठीच्या मागे लिहितात : हिमोग्लोबिन ८.९, रक्त वाढवायचं इंजेक्शन चालू. चिठ्ठी नळीभोवती गुंडाळतात, रबर लावतात, डब्याला झाकण घालतात.

(बसस्टँड. कंडक्टर डबा घेतो, ड्रायव्हरच्या मागच्या जागेत ठेवतो. बस निघते.)