बरणीतलं विरजण

नमस्कार श्रोतेहो. नर्सिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या मुलामुलींना वेगळा नमस्कार, कारण आजचं बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी आहे. संसर्ग होतो कसा आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, एवढंच बोलायचंय.

तुमच्या पुस्तकात साखळीची आकृती असते. सहा कड्या. पहिली, रोगजंतू. दुसरी, तो जिथे राहतो आणि वाढतो ती जागा, म्हणजे त्याचं घर. तिसरी, घरातून बाहेर पडायची वाट. चौथी, प्रवास. पाचवी, नव्या शरीरात शिरायची वाट. आणि सहावी, ज्याची प्रतिकारशक्ती कमी पडते असा माणूस. पुन्हा म्हणते, माझ्यामागून म्हणा: जंतू, घर, बाहेरची वाट, प्रवास, आतली वाट, माणूस. यातली कुठलीही एक कडी तोडा, संसर्ग तिथेच थांबतो. एक पुरते.

परीक्षेत ही आकृती सगळ्यांना येते. रंगीत पेनाने सुबक काढतात. मी 32 वर्षं शिकवलं, आणि माझं मत असं झालंय की या आकृतीला गुण देणं बंद करावं. विद्यार्थिनीला वॉर्डात न्यावं आणि म्हणावं, दाखव बरं, इथे दुसरी कडी कुठे आहे?

मला ती दिसली 1986 साली. जनरल नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. रुग्णालयाचं नाव घेत नाही, गरज नाही. स्त्रियांचा सर्जिकल वॉर्ड, तीस खाटा आणि वर जमिनीवर गाद्या. सकाळी सातला ड्रेसिंगची ट्रॉली लावायचं काम माझ्याकडे. वरच्या कप्प्यात ड्रम, किडनी ट्रे, गॉज आणि कोपऱ्यात स्टीलची उंच बरणी. बरणीत जंतुनाशकाचं द्रावण आणि त्यात उभा चिटल फोर्सेप्स. घरी ऐकणाऱ्यांसाठी सांगते, निर्जंतुक वस्तूला हात न लावता ती उचलायचा हा लांब चिमटा. अख्ख्या वॉर्डाचं ड्रेसिंग त्या एका चिमट्यातून जायचं. द्रावण दोन बोटं खाली गेलं की खालच्या कप्प्यातली बुचाची बाटली काढायची आणि वरून भर घालायची. मला तसं सीनियर मुलीने शिकवलं होतं, तिला तिच्या सीनियरने.

सात नंबरच्या बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. चौथ्या दिवशी पट्टी सोडली तर गॉजवर निळसर-हिरवा डाग. मी निफाडकडची, द्राक्षबागेत वाढलेली. बागेवर मारायच्या मोरचुदाच्या पाण्याचा रंग आणि पेटीत राहून मऊ पडलेल्या द्राक्षांचा गोडसर वास मला झोपेतही ओळखू येतो. तो रंग आणि तो वास, दोन्ही त्या पट्टीला होते. दोन दिवसांनी अकरा नंबरच्या हर्नियाच्या आजींच्या पट्टीवर तेच. मग चौदा नंबरची भाजलेली मुलगी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल.

लगेच शोधाशोध सुरू झाली. कुणी म्हणालं, नातेवाईक डबे आणतात त्याचं हे. कुणी मावशींच्या फरशी पुसायच्या फडक्यावर ढकललं. सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर संशय घ्यायला आपल्याकडे वेळ लागत नाही, हे मी पुढेही खूप पाहिलं आणि प्रत्येक वेळी मला त्याचा त्रास झाला.

आमच्या इन्चार्ज सिस्टर मूळच्या केरळच्या, तीस वर्षं महाराष्ट्रात काढलेल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. ट्रॉलीशेजारी स्टूल ठेवलं आणि सकाळभर वही घेऊन नुसतं पाहत बसल्या. तिघींचे डॉक्टर वेगळे. खाटा लांबलांब. एकीचं जेवण घरून, दोघींचं रुग्णालयाचं. एकेक गोष्ट त्या वहीत खोडत गेल्या, आणि शेवटी न खोडलेला शब्द एकच राहिला, ट्रॉली. त्यांनी जखमांचे स्वॅब पाठवले, बरणीतलं द्रावण पाठवलं आणि बाटलीच्या बुचाचाही स्वॅब पाठवला. तीन दिवसांनी लॅबचे कागद आले. स्यूडोमोनास नावाचा जंतू. जखमांत तोच, बरणीत तोच, बुचावर तोच.

जंतुनाशकात जंतू! मला वाटलं, लॅबचं काहीतरी चुकलंय. सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "हे द्रावण तू शेवटचं ओतून कधी टाकलंस?"

"टाकलं नाही सिस्टर. रोज भरते."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घरी दही कोण लावतं?"

"आई."

"कसं लावते?"

"कालचं चमचाभर ठेवलेलं असतं, त्यात कोमट दूध…"

माझं वाक्य पुरं झालं नाही. बोलता बोलताच मला कळलं होतं की मी रोज सकाळी सात वाजता काय करत होते.

स्यूडोमोनासला ओल लागते, बाकी फारसं काही लागत नाही. सिंक, ओला मॉप, फुलदाणीतलं पाणी, कुठेही तो तग धरतो. जंतुनाशक नको तितकं पातळ केलं, दिवसेंदिवस तसंच ठेवलं की त्यातही तो जगतो. वरून नवं ओतलं की तळाशी राहिलेल्याला आपण नवं दूध देतो. म्हणून लक्षात ठेवा: भर घालायची नाही. रिकामं करा, धुवा, वाळवा, मग भरा. पुन्हा सांगते. रिकामं करा, धुवा, वाळवा, मग भरा. हे हातधुण्याच्या साबणाच्या बाटलीलाही लागू आहे. आता बरणीत द्रावण ठेवूच नये असं शिकवतात, चिटल ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, कोरडाच ठेवायचा आणि ठरावीक तासांनी बदलायचा. ते बरोबर आहे.

सात नंबरच्या बाई दहा दिवसांत घरी जायच्या होत्या, त्या पाच आठवड्यांनी गेल्या. आजीही बऱ्या झाल्या. चौदा नंबरची मुलगी गेली. तिचं भाजणं मोठं होतं, नेमकं कशाने गेली हे कुणी ठामपणे सांगू शकलं नसतं. पण तिची पट्टी माझ्या ट्रॉलीवरून व्हायची, आणि तो विचार माझ्याबरोबर आजही असतो.

आता प्रवासाची कडी. वेळ थोडा उरलाय, म्हणून भराभर सांगते. क्षयरोग, गोवर, कांजिण्या हवेतून जातात. तिथे साधा मास्क पुरत नाही, एन-95 लागतो आणि खिडक्या उघड्या लागतात. फ्लूचे थेंब जवळच्या माणसावर पडतात. टायफॉइड, कॉलरा तोंडावाटे. कावीळ बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून. वापरलेल्या सुईला टोपण लावू नका, ती सरळ पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात टाका. आणि कावीळ बीच्या लसीचे तीन डोस, पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा, वॉर्डात पाय ठेवण्याआधी सुरू झालेत का, हे कॉलेजला विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पण वॉर्डात सगळ्यात जास्त प्रवास होतो तो हातांवरून. रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी-पू यांच्याशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या खाटेला, कॉटशेजारच्या कपाटाला हात लावल्यानंतर. या पाच वेळा. हँडरब, म्हणजे हातांवर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, असेल तर वीस ते तीस सेकंद, साबण-पाणी असेल तर चाळीस ते साठ. हात दिसायला मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब असतील तर साबण-पाणीच. आणि कोपराखाली काही नको, घड्याळ नको, अंगठी नको, बांगडी नको. नव्या लग्नाच्या मुलींना घरून ऐकून घ्यावं लागतं, मला माहीत आहे. त्यांच्या सासूबाई ऐकत असतील तर त्यांना हात जोडून विनंती, ड्यूटीपुरत्या तिच्या बांगड्या तुम्ही जपून ठेवा.

उद्या सकाळी ट्रॉली लावाल तेव्हा प्रत्येक बाटली उचला आणि चिकटपट्टीवरची तारीख वाचा. आमच्या सिस्टरांनी दुसऱ्याच दिवसापासून तारखा लिहायला लावल्या होत्या. तारीख नसेल तर इन्चार्ज सिस्टरांना दाखवून ती ओतून टाका. सीनियर म्हणाली, आम्ही नेहमी भरच घालतो, तर तिला शांतपणे विचारा, ताई, तुमच्या घरी दही कसं लावतात?

नमस्कार.