मालवण, सकाळी सहा ते नऊ

मालवणला आलेला पाहुणा काय बघतो, तर जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला, मग तारकर्लीला स्कुबा, पॅरासेलिंग, बनाना राईड, देवबागला कर्ली खाडीच्या तोंडावरचं त्सुनामी आयलंड, दुपारी सुरमई थाळी आणि परत गाडीत. भारी असतं ते, आम्हीपण केलंय. पण हा व्हिडिओ मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावरचा आहे, सकाळी सहाचा. स्कुबावाल्यांच्या बोटी अजून वाळूवर आहेत.

हा माणूस अर्धा तास नुसता पाण्याकडे बघतोय. पाणी एका जागी काळपट दिसलं, वर पक्षी घिरट्या घालायला लागले, की मासा लागला समजायचं. बघा, हात वर केला त्याने. आता पळापळ.

ही रापण. किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. एका टोकाचा दोर वाळूवरच्या माणसांच्या हातात देऊन होडी आत जाते, वल्हवणारे वल्हवतायत आणि मागे उभे असलेले जाळं हाताहाताने पाण्यात सोडत चाललेत, गुंता होऊ न देता, आणि अर्धा गोल मारून होडी पार तिकडे लांब दुसरा दोर घेऊन किनाऱ्याला लागते. वरून बघा आता, बोयांची ओळ कशी घोड्याच्या नालेसारखी दिसते. वर बोये, खाली वजनं, म्हणजे जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं आणि मासा त्या भिंतीच्या आणि किनाऱ्याच्या मधे सापडतो.

मग ओढायचं. दोन दोर, दोन रांगा, सगळी मिळून तीसेक माणसं. या काकांचे पाय बघा. दोर कमरेमागून घेतलाय, टाच वाळूत रुतवलीय आणि सगळं अंग मागे टाकलंय, जोर हातांचा नाही, कमरेचा. एकेक पाऊल मागे. रांगेच्या शेवटाला पोचले की दोर सोडून पळत पुन्हा पाण्याजवळ यायचं आणि पहिल्यापासून सुरू. असं तास-दीड तास. जाळं जसं जवळ येतं तशा दोन्ही रांगा सरकत सरकत एकमेकांकडे येतात, आणि शेवटी एवढ्याशा जागेत सगळे.

(निवेदन नाही. फक्त ओढण्याचा आवाज, जाळं वाळूवर येईपर्यंत.)

“काय गावला रे?” “बांगडो!”

बांगडे, थोडी तारली, पेडवे. पोरं आधी बारकी मासळी वेचायला धावतात. आता नीट बघा, कारण आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे आहे. रापण एकट्याची नसते, रापणकरांच्या संघाची असते. जाळं सगळ्यांचं, होडी सगळ्यांची, आणि लिलाव झाला की पैशाचे वाटे पडतात. शिवाय ज्याने दोराला हात लावला तो रिकाम्या हाताने जात नाही. हा शाळेच्या युनिफॉर्ममधला मुलगा शेवटची दहा मिनिटं ओढायला आला होता, त्याच्या पिशवीत सहा बांगडे पडले. या आजी नुसत्या वाळूवर बसून होत्या. त्यांच्या टोपलीतही पडले. कुणी मोजले नाहीत, कुणी विचारलं नाही.

पर्ससीन (यांत्रिक बोटीने माशांच्या थव्याला गोल घेरणारं मोठं जाळं) आणि एलईडीच्या (रात्री प्रखर दिवे लावून मासा खेचायच्या) मासेमारीने रापणीला मासा कमी झाला, २०१६ ला पर्ससीनवर राज्याने निर्बंध आणले, २०१७ ला एलईडीवर केंद्राने बंदी घातली, तरी इथली माणसं अजून त्याच तक्रारी करतायत.

किनाऱ्याने तसंच चालत गेलं की हा खडक लागतो. मोरयाचा धोंडा. गणपती कोरलाय, चंद्र, सूर्य, शिवलिंग. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू करण्याआधी इथे पूजा केली. किल्ला समोर दिसतोच, तिथे रोज गर्दी, आणि त्याची सुरुवात जिथे झाली तिथे आज सकाळी आम्ही आणि जाळं धुणारी ही दोन माणसं. खडकावर जास्वंदीची ताजी फुलं आहेत, म्हणजे आमच्या आधी कुणीतरी येऊन गेलंय. भरतीचं पाणी शेंदराला लागतंय, बघा.

साडेआठ. हे किनाऱ्याजवळचंच घर. मघाशी उड्या मारणारे बांगडे इथे आलेत. काकींनी ओलं खोबरं, मिरची आणि धणे पाट्यावर वाटलेत, दोन आमसुलं टाकलीत आणि तिरफळं हातानेच ठेचून घातली, मिक्सरला लावायची नाहीत म्हणाल्या, कडू होतात. बांगड्याचं तिखलं. थाळीत मिळणारी सुरमई चांगलीच, पण मालवणच्या घरात रोज शिजतो तो हा बांगडा. झाकण काढल्यावर जी वाफ आली ती कॅमेऱ्यात आलीय, वास तेवढा तुम्हाला इथे येऊन घ्यावा लागेल.

नऊ. दांडीवर परत. जाळं झटकून, फाटलेली जागा दोऱ्याने सांधून, घडी घालून होडीत चाललंय, बोये एका बाजूला, वजनं एका बाजूला. पलीकडे पहिली बोट पाण्यात ढकलली, लाईफ जॅकेट घातलेली मंडळी चढतायत. बोट ढकलणाऱ्यात निळ्या टीशर्टवाला मुलगा ओळखला का? मघाशी डाव्या दोरावर पहिला तोच होता.