कैरीला सुटलेलं पाणी

मंडळी, विषय परासरणाचा आहे, पण सुरुवात लोणच्यापासून करतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून पातेलं रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी तळाशी पाणी साचलेलं असतं. आपण म्हणतो, ‘पाणी सुटलं.’ फोडी कुणी पिळल्या नाहीत, तापवल्या नाहीत. मग हे पाणी आलं कसं?

आठवीतला मुलगा एका दमात सांगेल: निवडक्षम पारपटलातून (पाणी जाऊ देणाऱ्या, पण मीठ-साखर अडवणाऱ्या पडद्यातून) जास्त पाणी असलेल्या भागाकडून कमी पाणी असलेल्या भागाकडे पाणी जाणं म्हणजे परासरण. मार्क पूर्ण. पण भिजून टम्म फुगलेला बेदाणा साखरेच्या घट्ट पाकात टाकला तर काय होईल, असं विचारा. तो पंख्याकडे बघायला लागतो. बेदाणा पुन्हा आक्रसतो. कैरीचं जे झालं, तेच: बाहेर मीठ किंवा साखर जास्त, म्हणजे पाणी कमी, म्हणून आतलं पाणी बाहेर.

गोम अशी आहे की पाणी ओढायला पेशीकडे पंपच नाही. पेशी ऊर्जा खर्चून क्षार इकडून तिकडे हलवते, आणि पाणी मुकाट त्यांच्यामागून जातं. झाडाच्या मुळापासून आपल्या मूत्रपिंडापर्यंत हीच युक्ती.

आता कॉलऱ्याकडे या. आपले आजोबा त्याला पटकी म्हणायचे. हा जंतू आतडं फाडत नाही की रक्तात शिरत नाही. त्याचं विष आतड्याच्या पेशींना मिठातलं क्लोराइड सतत बाहेर टाकायला लावतं. क्लोराइडमागे मिठाचा दुसरा घटक सोडियम, त्यामागे पाणी. उपचार मिळाला नाही तर धडधाकट माणूस काही तासांत कोरडा पडून दगावतो.

मग नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर? भागत नाही, कारण एकटं मीठ आत घ्यायची आतड्याची नेहमीची वाट या आजारात जवळपास बंद पडलेली असते. पण एक दार उघडं राहतं. लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन आहे; ते ग्लुकोज आत घेताना सोबत सोडियमही आत आणतं. ही जोडी जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथल्या परिषदेत मांडली. कॉलऱ्याचं विष या दाराला हात लावत नाही. म्हणजे मिठासोबत साखर द्यायची ती ताकदीसाठी नव्हे, मिठाला आत नेण्यासाठी! मीठ आत गेलं की पाणी येतंच.

१९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावला आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवला, पिंपं भरली, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेले भरभरून पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. फार उशीर केला आपण, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे एक आई नेहमी विचारते, ‘साखर जरा जास्त घातली तर बाळ आवडीने पिईल ना?’ पिईल, पण मग आतड्यात कैरीचं पातेलं तयार होतं. गोड पाणी जास्त घट्ट झालं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात खेचतं आणि जुलाब वाढतात. बाटलीबंद गोड शीतपेयांचंही तेच. जुलाबात पाजायच्या या मीठ-साखरेच्या पाण्याला ओआरएस म्हणतात; जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच्या आजच्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय थोडं पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. जुन्या सूत्रात ग्लुकोज २० ग्रॅम होतं. ते मुद्दाम कमी केलं, याच कारणाने.

म्हणून ओआरएसची एक लिटरची पुडी अर्धी ओतून पेलाभर पाण्यात अंदाजपंचे ढवळू नका. अख्खी पुडी, उकळून गार केलेलं अख्खं लिटरभर पाणी. बाळाला चमच्याचमच्याने पाजा, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.