काळी जर्सी, काळा कापा

(दृश्य: पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाचं आवार, काळ्या वेशातले विद्यार्थी)

हा कापा, इथल्या विद्यार्थ्यांचा पांघरायचा झगा. काळ्या लोकरीचा, पार पोटऱ्यांखाली येणारा. एरवी गळ्याशी घड्या घालून तो खांद्यांवर घेतात. आतून बिल्ले शिवलेले. खालची कड फाटकी दिसते, ती घरच्यांनी आणि मित्रांनी आठवण म्हणून मुद्दाम फाडलेली. शोक पाळायचा असेल तर घड्या सोडायच्या, कापा खांद्यांवरून सरळ खाली येऊ द्यायचा, आतल्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावायची. सदऱ्याचा पांढरा रंग दिसता कामा नये.

अकादेमिकाची, म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांच्या फुटबॉल संघाची, काळी जर्सी याच वेशातून आली. विद्यार्थी संघटना १८८७ ची, तिचा फुटबॉल संघ १९१२ पासूनचा. १९३९ मध्ये पोर्तुगीज चषकाची पहिलीच अंतिम लढत या पोरांनी लिस्बनच्या बेन्फिका क्लबला ४-३ हरवून जिंकली.

(दृश्य: १९६९ ची छायाचित्रं)

१७ एप्रिल १९६९. गणित विभागाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन. राष्ट्राध्यक्ष अमेरिको तोमास यांच्यासमोर विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष आल्बेर्तो मार्तिन्स यांनी बोलायची परवानगी मागितली. मिळाली नाही, रात्री अटक मात्र झाली. मग वर्गांवर बहिष्कार, जूनमध्ये परीक्षांवरही.

संघ तेव्हा चषकात पुढे पुढे जात होता. उपांत्य फेरीत लिस्बनच्याच स्पोर्टिंग क्लबविरुद्ध तो पांढऱ्या जर्सीत उतरला, दंडावर काळी फीत लावून. रोजचीच जर्सी काळी, तिच्यावर काळी फीत दिसणार कशी?

२२ जून, लिस्बनजवळचं जामोर मैदान. समोर बेन्फिका. अंतिम सामन्याला खेळाडू धावत येतात. हे चालत आले, सावकाश, काळ्या जर्सीवर कापे शोकातल्यासारखे सरळ खाली सोडलेले. प्रेक्षकांत फलक: शिक्षण सुधारा, पोलीस कमी करा. राष्ट्राध्यक्ष आलेच नाहीत. सरकारी टीव्हीनं सामना दाखवला नाही, म्हणून पडद्यावर फोटोच आहेत. ८१ व्या मिनिटाला मानुएल आंतोनियोचा गोल, चारच मिनिटांत सिमोइंशची बरोबरी आणि जादा वेळेत युसेबियो. २-१, बेन्फिका.

पुढे बऱ्याच विद्यार्थ्यांना सक्तीनं सैन्यात घेतलं.

(दृश्य: आजचं स्टेडियम)

हुकूमशाही उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीनंतर खुद्द विद्यार्थी संघटनेनंच हा फुटबॉल विभाग बंद केला. दहा वर्षं संघ वेगळ्या नावानं खेळला. १९८४ मध्ये अकादेमिका हे नाव परत आलं, पण स्वायत्त संस्था म्हणून. २०१२ मध्ये स्पोर्टिंगला १-० हरवून चषक दुसऱ्यांदा कोइंब्राला आला. २०२२ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला.