इनर व्हील : मँचेस्टरपासून आपल्या गावापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

१० जानेवारी हा इनर व्हील क्लबचा स्थापनादिन. नेत्रतपासणी शिबिरे, रक्तदान, गरजू महिलांना शिलाई यंत्रे, मुलींच्या शाळांत आरोग्याविषयी व्याख्याने अशा कामांमुळे हे नाव आपल्या अनेक शहरांत परिचित आहे. त्यामागचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

पॉल हॅरिस यांनी १९०५ साली शिकागोत सुरू केलेली रोटरी ही पुरुषांची संघटना होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील रोटरी सदस्यांच्या पत्नींनी पतींच्या सेवाकार्यात हातभार लावला आणि युद्ध संपल्यावरही हे काम सुटू नये, असे त्यांच्यापैकी अनेकींना वाटू लागले. मँचेस्टरच्या मार्गारेट गोल्डिंग यांनी या इच्छेला संघटनेचे रूप दिले. त्या मूळच्या वेल्सच्या, प्रशिक्षित परिचारिका आणि व्यवसायात मुरलेल्या, त्यामुळे कारभार पाहण्यासाठी त्यांना कोणाच्या शिकवणीची गरज नव्हती. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्यांनी बोलावलेल्या सभेला २७ जणी जमल्या, त्याही शहरातील एका तुर्की स्नानगृहात! पुढे १० जानेवारी १९२४ रोजी क्लब रीतसर स्थापन झाला. रोटरीच्या दातेरी चाकाच्या आत बसवलेले लहान चाक हे त्याचे बोधचिन्ह ठरले.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला तो १८८२ साली, म्हणजे मँचेस्टरच्या या क्लबच्या चार दशके आधी, आणि त्यासाठी पती कोणत्या मंडळाचा सभासद आहे, हे कोणी विचारले नव्हते. इनर व्हीलचे दार मात्र दीर्घकाळ रोटरी सदस्यांच्या कुटुंबांतील स्त्रियांपुरतेच उघडे होते.

१९३४ साली ब्रिटन व आयर्लंडमधील क्लबांचा संघ झाला, १९५५ साली अहमदाबादेत भारतातील पहिला क्लब निघाला आणि १९६७ साली आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. खरी कसोटी नंतर लागली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालानंतर, १९८९ साली रोटरीने जगभर स्त्रियांना सदस्यत्व खुले केले. आता पत्नींच्या वेगळ्या क्लबचे प्रयोजन काय, हा प्रश्न साहजिक होता. क्लब मोडले नाहीत. उलट पुढील काळात रोटरीशी कौटुंबिक नाते असण्याची अटच संघटनेने काढून टाकली आणि २०२४ साली शताब्दीचे अधिवेशन मँचेस्टरलाच भरवले.

कामाच्या पद्धतीत एक उणीव मला जाणवते. दरवर्षी जुलैत पदग्रहण समारंभ होतो, नवी अध्यक्षा येते आणि उपक्रमही नवे सुरू होतात. एका वर्षात यंत्रे वाटून होतात, पण शिवणकाम शिकलेल्या बाईला गिऱ्हाईक मिळेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहायचे, तर दोनतीन अध्यक्षांनी तेच काम पुढे चालवावे लागते. शाळा दत्तक घेऊन वर्षानुवर्षे तिच्याकडे लक्ष देणाऱ्या क्लबांनी हे साधले आहे. आपल्या गावात असा क्लब असेल, तर त्याच्या सदस्यांना मागच्या वर्षीच्या कामाचे पुढे काय झाले, हे अवश्य विचारावे.