रोलर फिरतोय का?

(पावसाळ्याच्या तोंडावर, हौशी गरवणाऱ्यांच्या, म्हणजे गळाने मासे पकडणाऱ्यांच्या, मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘रील आणि रॉडचे भाग : निवड व देखभाल’. चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली दहा नारळ आणि गुलाबपुष्पांत गेली. तेव्हा निवडीचं शेवटी बघू. तसेही तुमच्यातले निम्मे जण नवीन रील घेऊन मोकळे झालेत, पिशव्या दिसताहेत मला.

बेटकास्टरवाल्यांनी, म्हणजे फिरत्या फिरकीचं रील वापरणाऱ्यांनी, जरा सांभाळून घ्यावं. मी बोलणार आहे स्पिनिंग रीलबद्दल, म्हणजे ज्याची फिरकी स्थिर असते त्याबद्दल, आणि त्यातही एका मण्याएवढ्या भागाबद्दल. दोर फिरकीवर वळवणारी जी वाकडी तार असते, बेल, ती जिथे संपते तिथे एक छोटी चाकी असते, तो लाइन रोलर. रील किती वर्षं टिकेल आणि तुमची ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, किती महिने टिकेल, हे तिथे ठरतं असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं. (हशा)

पूर्वी रील म्हणजे फिरती फिरकी. गळ फेकला की फिरकी गरगरायची आणि दोर सुटायचा. जड शिसं असेल तर ठीक; हलक्या आमिषात तिला ओढून फिरवायची ताकद कुठली? आणि फिरलीच, तर आमिष पाण्यात पडलं तरी ती थांबायची नाही. मग बसा गुंता सोडवत, भरती निघून जाईपर्यंत. १८८४ साली स्कॉटलंडमधल्या पर्थच्या मॅलॉकने युक्ती काढली : फेकताना फिरकी काटकोनात वळवायची, म्हणजे ती स्थिर राहून दोर नुसता कडेवरून सुटेल; गुंडाळताना पुन्हा सरळ करायची. फेक लांब जाऊ लागली, पण दोरात पीळ पडायचा.

मग आला आल्फ्रेड इलिंगवर्थ. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांच्या धंद्यातला माणूस. त्याने फिरकी कायमचीच आडवी बसवली आणि तिच्याभोवती फिरून दोर गुंडाळणारा एक आकडा लावला. पेटंट १९०५ चं. गिरणीत कांडीवरून सूत सुटताना बघून त्याला हे सुचलं असं सांगतात, आणि मला ते पटतं. इथे कोणी मागावर काम केलेलं आहे का? हां, काका, तुम्ही. मग तुम्हीच सांगा, धोट्यातली कांडी फिरते का? ... नाही. ऐकलंत? कांडी जागच्या जागी, सूत टोकावरून सुटतं. आपल्या कोकणातल्या किती पिढ्या लालबाग-परळला त्या धोट्यांपुढे उभ्या राहिल्या! गणपतीला गावी आले की हेच लोक खाडीवर गरी टाकून बसायचे. धोटाही ठाऊक, गरीही ठाऊक, आणि पेटंट गेलं ब्रॅडफर्डला. काका, तुम्ही जरा उशिरा जन्मलात. (हशा)

असो. मुद्दा असा की फिरकी स्थिर ठेवायची किंमत मोजावी लागते. रॉडकडून सरळ आलेल्या दोराला गुंडाळताना एका जागी झटकन वळावं लागतं, साधारण काटकोनात. मासा लागला की सगळा ताण त्याच वळणावर. तिथली चाकी फिरत असेल तर दोर तिच्यासोबत वळतो. ती अडकली असेल तर तोच दोर एकाच जागी धातूवर घासत राहतो. ब्रेडचे धागे फुलतात, मोनोला, म्हणजे एकपदरी नायलॉनच्या दोराला, पीळ बसतो, आणि आपण म्हणतो, ‘हल्ली दोर चांगला येत नाही.’

आता माझी जुनी तक्रार. एका दुकानात गेलो होतो, नाव घेत नाही. पोऱ्या म्हणाला, ‘सर, हे घ्या, तेरा बेअरिंगचं.’ म्हटलं, यातलं रोलरमध्ये आहे का? तो आत गेला, कोणाला तरी विचारून आला. ‘सर, रोलरमध्ये प्लॅस्टिकचं बुश, साधी नळी, आहे, पण बाकी सगळीकडे बेअरिंग.’ बाकी सगळीकडे म्हणजे कुठे? नुसत्या हँडलच्या मुठीत दोन! अरे, त्या मुठीला धरून जिताडा ओढायचाय, भोवरा नाही फिरवायचा. मी म्हटलं, मुठीतलं एक काढून रोलरमध्ये बसवून दे. तेव्हापासून त्या दुकानात मला बघितलं की सगळे एकदम कामात असतात. आकडा खोक्यावर छापता येतो म्हणून बेअरिंग वाढतात, बाकी काही नाही. चार-पाच चांगली, योग्य जागी बसवलेली बेअरिंगं पुरतात.

घरी जाऊन एक करा. रोलरवर मार्करने एक ठिपका काढा, दोर हाताने ताणून धरा आणि हँडल फिरवा. ठिपका जागचा हलला नाही तर रोलर मेलेला आहे.

तो मरतो कशाने? मिठाने. रीलमधली बाकीची बेअरिंगं निदान झाकणाआड असतात. हा बिचारा उघड्यावर, आणि खाडीतून आलेल्या दोराचं पाणी पहिलं ह्याच्यावर पिळलं जातं. पाणी वाळतं, मीठ राहतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच रीलच्या पोटात होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ स्वतःच हवेतून पाणी ओढून घेतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे त्याच्या खाली येते कधी? म्हणजे मे महिन्यात न धुता कपाटात ठेवलेलं रील चार महिने आतल्या आत गंजत असतं. कव्हरमध्ये घालून ठेवलंत तर आणखी छान!

धुताना नळी लावून जोराचा फवारा मारू नका. वर बसलेलं मीठ त्याने आत जातं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोर ताणाखाली सुटू देणारा ब्रेक, घट्ट करा, म्हणजे चकत्यांत पाणी शिरणार नाही, आणि गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. पुसा, सावलीत वाळवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून बसतात आणि मासा धावला की दोर झटके देत सुटतो. गिअरला ग्रीस, बेअरिंगला आणि रोलरला तेलाचा एखादा थेंब. उलट फिरणं अडवणारा जो क्लच असतो, त्याला ग्रीस अजिबात नाही. त्यातले रोलर चिकटले की ऐन झटक्याला हँडल उलट फिरून बोटांवर बसतं. आणि कृपा करून डब्ल्यूडी-४० ला तेल म्हणू नका. १९५३ साली ते पाणी हटवायला बनवलं, नावातच ते आहे : डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’. गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम, पण बेअरिंगमध्ये मारलंत तर आतलं तेल धुऊन काढतं.

काय? सात मिनिटं? बरं. निवड.

खाडीत जिताडा, तांबोशीसाठी ४००० च्या मापाचं रील, सात-आठ फुटी रॉड. रॉडवर ल्यूरचं, म्हणजे नकली आमिषाचं, वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा; ‘मीडियम हेवी’ प्रत्येक कंपनीचं वेगळं. गिअर पाचास एकच्या आसपास, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला बेलचे पाच, असेल तर ओढायला जोर मिळतो, सहाच्या वर गेलात तर वेग. ड्रॅग दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा : दहा किलोची ब्रेड असेल तर अडीच ते तीन किलो, आणि तो ताणकाट्यावर मोजा, बोटाने ओढून अंदाज करू नका. ब्रेडखाली थोडी मोनो गुंडाळा, नाहीतर ती गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे फिरकीवर, सबंध गठ्ठ्याने फिरते.

रॉडचे गाइड, म्हणजे दोर ज्यांतून जातो त्या कड्या. ब्रेड वापरणार असाल तर रिंग निदान अॅल्युमिनियम ऑक्साइडची हवी. सिलिकॉन कार्बाइड परवडत असेल तर ती अधिक कठीण आणि गुळगुळीत. समुद्रावर रिंगपेक्षा चौकट आधी जाते, तिच्या पायाशी वार्निशखाली तांबूस डाग दिसतो का बघा. रिंगला चीर आहे का हे डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा आतून फिरवा, तंतू अडकले की गाइड बदला. टोकाचा गाइड आधी तपासा. रील सीट हलती नको. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर सांध्यावर मेणबत्तीचं मेण चोळा, ग्रीस नको, त्यात वाळू बसते.

आणि कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. डोक्यावर तारा असतील तिथे उभा धरून चालू नका, ढग गडगडले तर आडवा ठेवून लांब व्हा. ग्रिपचं, ईव्हीए फोमची की कॉर्कची, ते राहिलंच. ज्यांनी रील आणलंय त्यांनी चहानंतर मागच्या टेबलावर या, मार्कर माझ्याकडे आहे.